धर आणि सोड

६ जानेवारी

ही डायरी पशुवैद्यांनी दिली. म्हणाले, सगळंच लोकांच्या तोंडावर फेकत जाऊ नका, थोडं हिच्यात टाका. अजगरघरात माझी उमेदीची वर्षं गेली, पण माझ्या तोंडाला लगाम घालायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. डॉक्टर गोड बोलून घालतात.

आज टाकण्यासारखं भरपूर आहे. मालकांना यंदा पिल्लं हवीत. इतक्या मोठ्या जातीच्या अजगराची पिल्लं इथे कधी झाली नाहीत, झाली तर बघायला गर्दी लोटेल, असा त्यांचा हिशेब. मी सांगितलं होतं, मादीच्या पिंजऱ्यात एका वेळी एकच नर सोडा. त्यांनी दोन्ही सोडले. म्हणे दोघांतला एक तरी कामाचा निघेल.

मादी म्हणजे आमची थोरली. हे नाव बाळने ठेवलं. घरी एक थोरली आहेच, ही दुसरी, असं तो सगळ्यांना सांगतो. बाळ माझा धाकटा भाऊ, इथेच माझ्या हाताखाली काम करतो. मला त्या नावाचा अभिमानच वाटतो.

नर दोन, पैलवान आणि भित्रा. अजगराचे नर आधी एकमेकांना नुसते ढकलतात, मग अंगावर चढून दाबतात, आणि तरीही कोणी हटला नाही तर चावतात. दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ओढलं की चावा सुटत नाही, फाटतो. आम्ही पोचलो तोवर पैलवानने भित्र्याची कूस उघडली होती. आतल्या बरगड्या दिसत होत्या आणि त्या हलत होत्या. काचेवर रक्ताचे फराटे. थोरली कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेली, जसं काही शेजारच्या घरात भांडण चाललंय.

मोठ्या अजगराला हात लावायचा तर दोन माणसं लागतात. एक डोक्याकडे, एक शेपटीकडे. हुकूम डोक्याकडच्याने द्यायचा आणि हुकूम दोनच: धर आणि सोड. शेपटीकडच्याने डोकं चालवायचं नाही. मी डोक्याकडे, बाळ शेपटीकडे, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. मी धर म्हटलं, त्याने पैलवानची शेपटी धरली आणि टोकापासून एकेक वेढा उलगडत आणला. विळखा नेहमी शेपटीकडूनच सुटतो. डोक्याकडून सोडवायला जाल तर हात गमवाल.

भित्र्याला दुपारी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मोकळं केलं. मी मालकांना जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही, सगळ्या आवाराने ऐकलंय.

१९ जानेवारी

पैलवान आणि थोरलीचं जमलं. नराच्या शेपटीजवळ दोन बारीक नख्या असतात, कधीकाळी या प्राण्याला पाय होते त्याची शिल्लक. त्या नख्यांनी तो तिची पाठ खाजवत बसतो. एवढा भित्र्याला फाडणारा, पण तिच्यापुढे अगदी अजीजीला आलेला.

घरी मात्र नवीनच कुरबूर. बाळला बाळ म्हणवून घ्यायचं नाही आता. साहेबांची तिशी उलटली म्हणून. मालकांना, डॉक्टरांना, झाडूवाल्याला सांगून आला की मला माझ्या नावाने हाक मारा. मी म्हटलं, तुझं नाव मीच ठेवलंय, मला वाटेल तेव्हा काढीन. आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. बाबा दुसरा संसार थाटून मोकळे झाले. मी शाळा सोडली आणि याला काखेत मारून कामाला लागले. त्याला पोहायला येत नाही, कारण मी कधी पाण्यात जाऊ दिलं नाही. कसला व्रण नाही त्याच्या अंगावर. सापांत वाढलेलं पोर आणि अंगावर एक ओरखडा नाही, हे दाखवा दुसरीकडे कुठे.

हे खूळ कोणी भरवलं तेही मला कळलंय. तिकिटाच्या खिडकीवर गेल्या वर्षी एक पोरगी आलीय. मी तिला खिडकीच म्हणते. हा चहाच्या वेळी तिथे जाऊन उभा राहतो आणि ती आतून याला नावाने हाक मारते. परतून येतो तेव्हा कपाळाला जाळीची खूण असते.

२ फेब्रुवारी

अंडी घालायच्या आधीचं थोरलीचं हे बहुधा शेवटचं खाणं, म्हणून डुकराचं पिल्लू दिलं. मालकांच्या हट्टाने जिवंत दिलं, लोकांना बघायला. मला ते पटत नाही. मी सशांच्या माना स्वतः मोडते आणि मगच आत टाकते, प्राण्याला कळायच्या आत संपतं. माझ्या पंजात ताकद आहे. पण मालकांना देखावा हवा होता.

पिल्लू आत गेलं आणि किंचाळलं. पुढचं डोळ्याला दिसतच नाही इतकं झटकन होतं. तोंड लागलं, आणि वेटोळं असं पडलं की पिल्लू दिसेनासं झालं. फक्त एक मागचा खूर बाहेर, तो थरथरत होता. नाकातून फेस, मग रक्त आलं. एका बाईंनी मुलाचे डोळे झाकले आणि स्वतः बघत राहिल्या.

एका गृहस्थांनी विचारलं, विळख्यात हाडांचा चुरा होतो ना? मी सांगितलं, नाही. अजगर हाडं मोडत नाही. तो नुसता धरतो. धरलेला जीव श्वास सोडतो तेव्हा तो तेवढं आवळतो, आणि पुन्हा श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. रक्त फिरायचं थांबतं. आणि सगळा वेळ तो अंगाने त्या जिवाचं काळीज ऐकत असतो. ते धडधडतंय तोवर सोडत नाही. म्हणून सुटायचं असेल तर हलायचं नाही, जितकं हलाल तितकं तो आवळेल. मी म्हटलं, याला विळखा म्हणू नका, मिठी म्हणा. माणसांत तरी कोण कोणाला इतकं लक्ष देऊन धरतं?

गृहस्थ हसले. बाळ हसला नाही.

लोक गेल्यावर नव्या झाडूवाल्याला दरवाजावरचा फळा वाचून दाखवला. माझ्याच अक्षरात आहे: आधी हात धुवा, मग कडी काढा. अजगराला तुमचा चेहरा कळत नाही, त्याला ऊब कळते आणि वास कळतो. ज्या हाताला सशाचा वास तो हात म्हणजे ससा, एवढं सोपं आहे.

१५ मार्च

अंडी आली. पांढरी, मऊ कातडीची, एकमेकांना चिकटलेली मोठी रास, आणि तिच्याभोवती थोरली. वर डोकं ठेवून बसलीय.

मालक उबवणीचं यंत्र घेऊन दारात हजर. मी म्हटलं, आईच्या कुशीतून काढून पेटीत घालणार? ते म्हणाले, यंत्र भरवशाचं असतं. डॉक्टर सावधपणे साप उचलायचा लांब आकडा आत घालून बघायला गेले. थोरलीने तो आकडा असा धरला की डॉक्टर दारावर आपटले, चष्मा फुटला, हनुवटी फाटली. आकड्याच्या दांड्यात तिचा एक दात रुतून राहिला. मालकांनी यंत्र उचललं आणि परत नेलं.

मी तो दात जपून ठेवलाय.

२३ मार्च

ती थरथरते. आजारी नाही, मुद्दाम. हवा गार झाली की सगळं अंग लयीत आक्रसून सोडते आणि त्यातून अंडी गरम ठेवते. साप थंड रक्ताचा, स्वतःसाठी ऊब करत नाही, पण ही अंड्यांसाठी करते. खात नाही, वेटोळं मोडत नाही. कातडी सैल पडलीय, पाठीचा कणा वर आलाय. ज्या अंगाने डुक्कर मारलं त्याच अंगाने हे चाललंय. मी काचेला कपाळ लावून उभी राहिले आणि मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही.

जेवताना बाळने विचारलं, "ताई, पिल्लं बाहेर आली की ती काय करते?"

मी म्हटलं, निघून जाते.

"मागे वळून बघत नाही?"

"नाही. या जातीची तेवढी एकच खोड."

त्याला हसू फुटलं. किती वेळ हसत होता. ताट पुढे सरकवलं आणि हसतच उठला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

३० मार्च

मालकांनी ठरवलंय की अजगरघरात तिसरं माणूस तयार पाहिजे, आणि ते माणूस म्हणजे खिडकी. बाळनेच कानाशी लागून ठरवलं असणार. बघते तर मागच्या अंगणात बाळ खांब बनून उभा, पाण्याची रबरी नळी त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेली, आणि ती पोरगी मधेच कुठेतरी हात घालून ओढतेय. दोघं खिदळतायत.

चुकीचं काम माझ्याने बघवत नाही. राग गिळून मी नळी हातात घेतली. तिला म्हटलं, टोक शोध. टोक करंगळीएवढं असलं तरी सुरुवात तिथेच. मधे हात घालशील तर आवळेल. चेहऱ्याकडे बघू नकोस, बोलू नकोस, घाई करू नकोस, टोक उचल आणि एकेक वेढा उलट फिरवत ये. आणि माणूस सुटला की त्याला आधी मागे व्हायला सांग, श्वास नंतर. तिथेच श्वास घेत उभा राहिला तर थोरली पुन्हा धरेल.

तिने पुन्हा केलं, नीट केलं. हाताला धीर आहे पोरीच्या, कबूल करावं लागेल. मी म्हटलं, नळीला दात नसतात, उगाच मिरवू नकोस.

६ एप्रिल

आज खिडकीला मारलं.

गवताच्या खोलीत गेले तर दोघं तिथे. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा होता, बाकी काही नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. इतक्या वर्षांत माझ्या खांद्यावर त्याने असं कधी डोकं टेकलं नाही, किंवा टेकलं असेल तर फार लहानपणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला केसांनी ओढून बाहेर काढलं आणि दिली ठेवून. ओठ फुटला. दुसरी दिली ती कानावर बसली, पोरगी भिंतीवर जाऊन आदळली.

रडली नाही. तोंड पुसून म्हणाली, उद्या खिडकीवर मीच असणार. आणि गेली.

बाळ माझ्या हाताकडे बघत उभा होता. त्याने माझा हात धरला नाही, आमच्या मध्ये आला नाही. यावरूनच समजावं की त्याला किती पर्वा आहे तिची. मी त्याला घेऊन घरी आले. रात्रीचं ताट तसंच राहिलं.

१५ एप्रिल

परवा झालं ते आज लिहितेय.

थोरलीच्या पिंजऱ्यातलं पाण्याचं भांडं बदलायचं होतं आणि एक नासलेलं अंडं घरंगळून बाजूला आलं होतं ते काढायचं होतं. मी पैलवानसाठी सशांच्या माना मोडत होते, शेवटचा हातातच होता, तेवढ्यात बाळने हाक मारली. ससा तिथेच ठेवला आणि तशीच गेले. बाळ म्हणाला, आज डोक्याकडे मी राहतो. मी म्हटलं, राहा. खुशीत होते, म्हटलं रुसवा गेला. तो लाकडी फळी घेऊन डोक्याकडे, मी शेपटीकडे. आत आवाज चढवायचा नसतो, हात उडवायचे नसतात, हा आमचा नियम. त्याने तीच वेळ साधली.

हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात आम्ही जातोय. दुसऱ्या अजगरघरात काम मिळालंय, दोघांनाही. लग्न तिथेच करू."

मी शेपटी सोडून पुढे गेले. मी फक्त त्याचं मनगट धरलं. एवढंच केलं, देवाशपथ.

त्याने हिसका देऊन हात सोडवला आणि त्याच क्षणी थोरली आली. तोंड नेमकं मनगटावर लागलं. अंड्यांवरून वेटोळं निसटून बाळवर पडलं, बाळ पडला, अंडी त्याच्या पाठीखाली फुटली, पिवळं पाणी आणि रक्त एक झालं. एक वेढा छातीला, एक पोटाला. तो "शेपटी, शेपटी धर" म्हणाला. मला शेपटी दिसेना, मला बाळच दिसत होता. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला माझ्याकडे ओढलं. जीव खाऊन ओढलं. ती तिकडून ओढत होती, मी इकडून. त्याचे डोळे तांबडे झाले. तो म्हणाला, "सोड." मला वाटलं थोरलीला म्हणतोय. मी आणखी आवळून धरलं. तो पुन्हा म्हणाला, सोड, मग नुसते ओठ हलले.

कोण कधी आलं मला कळलं नाही. खिडकी माझ्याकडे न बघता सरळ शेपटीकडे गेली. ओठाची खपलीही पडली नव्हती तिची. टोक उचललं आणि उलटं फिरवायला लागली, झाडूवाला मागून झेलत गेला. डॉक्टरांनी थोरलीच्या तोंडात स्पिरिट ओतलं तेव्हा जबडा सुटला. पोरगी ओरडली, मागे ओढा त्याला. थोरली फुटक्या अंड्यांवरून सरपटत गेली आणि उरलेल्या राशीभोवती पुन्हा बसली.

मी मात्र बाळला शेवटपर्यंत सोडलं नाही. एवढं तरी माझ्या हातून झालं.

१८ एप्रिल

इस्पितळ. वाचला. मनगटाला टाके, बरगड्या मोडल्यात, उजवा खांदा निखळलेला होता तो बसवला. श्वास घेताना करवतीसारखा आवाज होतो.

इथले डॉक्टर तरुण आहेत आणि शहाणपणा शिकवतात. विचारतात, सापाने मनगट धरलं होतं, मग खांदा कोणी उपटला? मी म्हटलं, मीच धरून ठेवला म्हणून तर तो आज आहे. त्यांनी चादर बाजूला करून दाखवलं. दंडावर काळीनिळी बोटं उमटलीयत, आतून चार आणि बाहेरून अंगठा. म्हणाले, हे सापाचं नाही. मी म्हटलं, नाहीच. ते प्रेमाचं आहे. त्यांनी काही तरी लिहून घेतलं.

बरगड्यांबद्दल मी त्यांच्याशी वाद घातला. अजगर हाडं मोडत नाही, हे मी हजारो लोकांना सांगितलंय. ते म्हणाले, ठीक आहे, अजगराने मोडली नसतील.

बाळ छताकडे बघत होता. मग मला जवळ बोलावलं. तोंडाशी कान नेला तेव्हा म्हणाला, "तू शेपटीकडे का नव्हतीस?"

गुंगीत आहे अजून.

३ मे

बाळ घरी आलाय. किती वर्षांनी घर असं निवांत आहे. उजवा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे भरवावं लागतं, बटणं लावावी लागतात, केस विंचरावे लागतात. मी रजा काढलीय. बाहेर गडबड नको म्हणून दोन्ही दारांना वरची कडी घालते, बरगड्यांमुळे त्याचा हात तिथवर पोचत नाही सध्या. खिडकी रोज येते. मी फटीतून सांगते, झोपलाय. ती पायरीवर बसते आणि निघून जाते. फोन मी माझ्या उशीखाली ठेवलाय, त्याला विश्रांती हवी.

परवा औषधांमुळे त्याचं डोकं फिरलं. मी चमचा पुढे केला तर त्याने डाव्या हाताने ताटली भिंतीवर मारली. तुकडा माझ्या भुवईत घुसला. मग खुर्ची दारावर घातली, मोडेपर्यंत घालत राहिला. बरगड्या धरून खाली बसला तेव्हा मी त्याला मागून जवळ घेतलं आणि शांत होईपर्यंत धरून ठेवलं. बराच वेळ धडपडला, मग शांत झाला. लहानपणीही असाच व्हायचा.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मनगटच का? उबवणारी मादी समोर येईल त्याला धरते, मांडी, पोट, तोंड. एवढ्या मोठ्या माणसात तिने नेमकं मनगट कसं शोधलं? बाळ फळी घेऊन उभा होता, ती मारायची तर फळीवर मारायची. सशांना त्याने त्या दिवशी हातही लावला नव्हता, ते काम माझं. आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, लिहून बघा, सुचेल. लिहिलं. सुचत नाही.

१५ मे

पिल्लं निघाली. वाचलेल्या अंड्यांवर काल चिरा दिसल्याचं कळलं म्हणून रजेतही गेले, आज प्रत्येक चिरेतून एक ओलं डोकं बाहेर. लगेच निघत नाहीत, डोकं बाहेर ठेवून जग बघत बसतात. एकाला मी बोट दाखवलं तर केसाएवढ्या दातांनी चावलं. जन्मून तासही झाला नसेल.

आणि थोरली गेली. वेटोळं सोडलं, पिल्लांच्या अंगावरून सरपटत, एकाला अर्धवट टरफलासकट चिरडत, पाण्याच्या भांड्याशी गेली आणि पीत राहिली. मी दार उघडून आत गेले. तिला आकड्याने ढकलून परत राशीकडे आणलं. ती वळली. पुन्हा आणलं. पुन्हा वळली. मग मी तिला मारलं. दांडा मोडेपर्यंत मारलं, पाठीवर, डोक्यावर, म्हटलं, इतकं सोसलंस ते कशासाठी, बघ तरी त्यांच्याकडे. तिच्या पाठीवरची कातडी फाटली. तिने मला धरलं नाही. नुसती सरकत राहिली कोपऱ्याकडे, मला चुकवून.

डॉक्टरांनी मागून येऊन मोडका दांडा काढून घेतला. मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. म्हणाले, ती वाईट आई नाही, तिचं काम झालंय. मी म्हटलं, आईचं काम कधी होतं का? त्यांनी मोडका दांडा बाकाखाली सरकवला. मग म्हणाले, आता काही दिवस पिंजऱ्यात येऊ नका.

मी बाहेरून कुलूप घालून गेले होते, घरी आले तर मागच्या दाराची वरची कडी उघडी. बाळचा हात आता वर जातो. बाळ आतच होता, पायांना बाहेरची माती, खुर्चीत बसला होता. म्हणाला, ताई, पिल्लं निघाली का? मी हो म्हटलं. त्याने पुढचं विचारलं नाही.

२१ मे

बाळ गेला.

दुपारी दार वाजलं, बाळनेच कडी काढली. त्याने पिशवी आधीच भरून पलंगाखाली ठेवली होती, मला पत्ता नव्हता. नवा सदरा घातलेला, बटणं स्वतः लावलेली, एक वरखाली झालेलं. म्हणाला, ताई, निघतो. मी म्हटलं, बटण चुकलंय. लावायला जवळ गेले आणि दोन्ही हात त्याच्या भोवती घातले.

मला एवढंच आठवतं की मग ते सुटेनात. मी मागे बोटांत बोटं गुंतवली होती. तो म्हणाला, सोड ताई. बरगड्या अजून दुखतात त्याच्या, कळत होतं, तो श्वास सोडायचा आणि मी तेवढं जवळ व्हायची. त्याने पुन्हा सोड म्हटलं नाही. हललासुद्धा नाही. हात खाली सोडले, मान बाजूला वळवली आणि अगदी ढिला उभा राहिला, मी त्याला लहानपणी पिंजऱ्यात नेण्याआधी शिकवलं होतं तसा. त्याच्या छातीत धडधडत होतं ते मला माझ्या अंगात ऐकू येत होतं.

पोरगी दारातून आत आली. पिशवी बाजूला केली. माझ्याशी बोलली नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्याच्या पाठीमागे गेली आणि माझी करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई केली नाही. एक बोट परत मिटायला लागलं तर थांबली, पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. बोटं झाली तशी मनगटं उलटी फिरवून बाजूला नेली, आधी एक, मग दुसरं. मी इतक्या जणांना शिकवलं, इतकं स्वच्छ काम कोणी केलं नव्हतं.

"मागे हो," ती त्याला म्हणाली.

तो मागे मागे जात उंबऱ्याबाहेर गेला, पायरी उतरला, आणि मग त्याने श्वास घेतला. मला आत ऐकू आला.